एकेचाळीस सूचना, पंधरा मिनिटं

माणूस माणसाला सूचना देऊ लागला त्या दिवशी संस्कृती सुरू झाली, असं माझं प्रामाणिक मत आहे. विस्तव असा पेटवावा, बी असं पेरावं, नदी इथून ओलांडावी हे कुणीतरी कुणाला तरी सांगितलं, म्हणून आपण इथवर आलो. या थोर परंपरेत मी नाशकात सव्वीस वर्षं नोकरी केली. त्यातली पहिली बारा वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात गेली. पाण्याच्या पंपासोबत खोक्यात जे माहितीपत्रक असतं, ते मी लिहीत असे. एकदा कामानिमित्त दिंडोरीकडे गेले असताना एका मळ्यात आमचा पंप बसवलेला दिसला. पत्रकही होतं. माझ्या 'महत्त्वाची खबरदारी' या परिच्छेदावर ठेचा वाढलेला होता.

पुढे कारखान्याचा तो विभाग बंद झाला आणि मी बागूल यांच्याकडे लागले. कॉलेज रोडला एका दातांच्या दवाखान्याच्या वर बागूल वेबसाइट बनवत. माणूस चाळिशीचा, अबोल. जे काही बोलायचा ते संगणकाशी. मला ठेवलं होतं पडद्यावरचं मराठी बघायला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात बघायचं काय? रकाना असतो, त्यात काय भरायचं ते सांगायचं. खरं आहे. फक्त किती सांगायचं, एवढाच या धंद्यातला प्रश्न आहे, आणि तो आजवर सुटलेला नाही. नुसतं 'जन्मतारीख' लिहिलं तर कुणी आधी वर्ष घालतो, कुणी आधी महिना. एकाने 'नागपंचमी' असं भरलं होतं. मग त्याखाली चार ओळी समजावून लिहाव्यात, तर त्या कुणी वाचत नाही आणि पुन्हा नागपंचमीच येते.

पाच-सहा वर्षं मी हे काम केलं होतं आणि आपल्याला ते जमतं असा माझा समज झाला होता. तेव्हा आमच्याकडे गंगापूर रोडकडची एक शिक्षणसंस्था आली. नाव सांगत नाही. संस्था अजून आहे, आणि तिचे वकीलही.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. एका परिसंवादात अण्णा व्यासपीठावर बसले होते. तिथे कुणीतरी म्हणालं की वेबसाइट अंध माणसालाही वापरता आली पाहिजे. अण्णांनी त्याच माइकवरून जाहीर करून टाकलं की आमची तशीच असेल. पाठोपाठ संस्थेत टेलिफोन ऑपरेटरची जागा निघाली, अंधांसाठी राखीव. अर्ज फक्त ऑनलाइन घ्यायचे, कागदी अर्ज आल्यास परत पाठवायचा, आणि उमेदवाराने अर्ज स्वतःच भरायचा, असा ठराव झाला. माउसला रिबीन बांधून पानाचं लोकार्पण झालं. अण्णांनी रिबीन कापली. सुदैवाने वायर वाचली.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आला.

"ताई, मी सुनंदा गायकवाड बोलते, सिन्नरहून. तुमच्या पानावर सोळा खोल्या हायेत. एकीवर बी पाटी नाय."

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. सुनंदाबाई लहानपणी गोवरात दृष्टी गेलेल्या. सिन्नरच्या स्टँडजवळ त्यांचा एसटीडी बूथ होता, अपंगांच्या कोट्यातून मिळालेला. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर संगणक चालवायला त्या नाशकात येऊन शिकल्या होत्या. त्या सॉफ्टवेअरला अक्षरं कळतात, चित्रं कळत नाहीत. बागूल यांनी पान देखणं दिसावं म्हणून रकान्यांची नावं चित्रात घातली होती, मागे हिरवळ वगैरे. त्यामुळे बाईंच्या कानावर फक्त 'रिकामी चौकट, रिकामी चौकट' असं सोळा वेळा पडत होतं.

"मी काय करू? सोळा ठिकाणी माझंच नाव लिहू?"

"थांबा, दुरुस्त करून घेते," मी म्हटलं.

"लवकर करा. शेवटच्या तारखेनंतर अठरा दिवसांनी मला पंचेचाळीस पुरी होत्यात. वयाची अट पंचेचाळीस हाय. पुन्हा जागा निघली तरी माझी नसणार."

"आणि बूथ?"

"बूथला आता लोक एसटी कधी सुटंल ते इचारायला येतात. फोन ज्याच्या त्याच्या खिशात गेला."

बागूल यांनी त्या दुपारीच चित्रं काढली आणि प्रत्येक चौकटीला शब्दांत नाव दिलं. काम तिथे संपलं होतं. ते मी संपू दिलं नाही, ही या सगळ्या प्रकरणातली माझी कामगिरी. मला वाटलं, अंध माणूस आहे, जरा जास्त समजावून सांगितलं पाहिजे. मी नऊ सूचना लिहिल्या. चांगल्या होत्या. अजूनही मला त्यातल्या दोन आवडतात.

संस्थेचा एक नियम होता: पानावर जाणारं प्रत्येक वाक्य कार्यकारिणीने ठराव करून संमत करायचं, सूचकाचं आणि अनुमोदकाचं नाव घालून. तेव्हा मी माझ्या नऊ सूचना घेऊन बैठकीला गेले. कार्यकारिणीत सात जण. परत आले तेव्हा सूचना चाळीस होत्या.

चिटणीस भामरे सर, निवृत्त मुख्याध्यापक, यांनी 'अर्ज सुवाच्य अक्षरात व निळ्या शाईने भरावा' ही सूचना मांडली. मी म्हटलं, "सर, हे कीबोर्डवर टाइप करायचंय." ते म्हणाले, "वळण लागलेलं बरं असतं." खजिनदारांची सूचना होती, 'उजवीकडील हिरवे बटण दाबावे.' 'लाल रंगातील रकाने अनिवार्य आहेत' ही उपाध्यक्षांची. वकीलसाहेबांच्या एकट्याच्या अकरा. त्यातल्या एकीत 'उमेदवार' या शब्दात उमेदवार, उमेदवारी करू इच्छिणारी व्यक्ती आणि तत्सम यांचा समावेश होतो, असं होतं. शेवटची, चाळिसावी, अण्णांची. अध्यक्ष शेवटी बोलतात, ही सभेची रीत. तीत संस्थापकांनी लावलेल्या ज्ञानदीपाच्या प्रकाशात उमेदवाराने आपली वाट पाहावी, असा आशय दोन परिच्छेदांत होता.

शिवाय वकीलसाहेबांनी प्रत्येक सूचनेपुढे 'समजले' असा चौकोन ठेवायला लावला. खूण केल्याशिवाय अर्ज उघडायचा नाही. काही चौकोन मात्र 'लागू असल्यासच' खूण करायचे होते. आणि सुरक्षिततेसाठी पान पंधरा मिनिटांनी आपोआप बंद व्हायचं.

मी ते पान तपासलं. डोळ्यांनी. चाळीस खुणा करायला मला अर्धं मिनिट लागलं आणि मी बागूल यांना सांगितलं, ठीक आहे.

हा धंदा न करणाऱ्यांसाठी एक सांगते. डोळा पानावरून बाजारातून फिरल्यासारखा फिरतो. कोथिंबीर हवी असेल तर वांग्यांकडे बघतही नाही. कानाला तसं करता येत नाही. त्याला पहिल्या टोपलीपासून शेवटच्या टोपलीपर्यंत प्रत्येकीपाशी थांबावं लागतं, कारण कोथिंबीर कुठे आहे ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही. म्हणजे डोळस माणसाला जादा सूचनेचा काही त्रास नसतो, तो ती वाचतच नाही. जिच्यासाठी ती लिहिली, तिलाच ती पूर्ण भोगावी लागते. हे मी बारा वर्षं पंपाची पत्रकं लिहून आणि सहा वर्षं पडद्यावर काम करून शिकले नव्हते. ते सुनंदाबाईंनी फोनवर सांगितलं.

"ताई, अडतिसाव्याला पोचले अन् पान गेलं."

"परत केलंत?"

"तीनदा केलं. परत पहिल्यापासनं सुरू होतं. आता पहिल्या वीस पाठ झाल्यात. निळी शाई लय वेळा ऐकली."

"न ऐकता पटापट खुणा करता येतात की."

"तसं बी केलं. 'लागू असल्यासच'वर बी खूण पडली, तर पान म्हणालं, माजी सैनिकांनी सेवामुक्तीचा दाखला जोडावा. मी नसलेल्या लढाईवरनं परत आले."

आवाजाचा वेग वाढवता येत होता. पण त्या वेळी मराठी बोलणारा आवाज मिळत नसे. हिंदी आवाजच मराठी वाचायचा. वेग वाढवला की तो जोडाक्षरं गिळायचा, आणि वकीलसाहेबांच्या वाक्यांत जोडाक्षरांखेरीज फारसं काही नव्हतं.

मी स्वतः कान लावून बसले. चाळीस सूचना वाचायला त्या आवाजाला सतरा मिनिटं लागत होती.

बागूल यांना म्हटलं, गुपचूप वेळ वाढवून टाका. ते नेहमीपेक्षा बरेच बोलले: "सर्व्हर वकीलसाहेबांचे जावई बघतात. पुण्यात."

मग मी अण्णांकडे गेले. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं, डायरीत लिहून घेतलं, आणि तातडीची बैठक बोलावली. बैठकीने प्रश्नाचं गांभीर्य ओळखलं आणि एक सूचना वाढवली: 'पान पंधरा मिनिटांनी बंद होत असल्याने उमेदवाराने सूचना त्वरेने ऐकाव्यात.' ती चाळिसावी झाली. अण्णांची एकेचाळिसावी. कुठलीही काढायची म्हटलं तर सूचकाचा आणि अनुमोदकाचा अपमान होणार होता.

शेवटची तारीख आठवड्यावर आली होती. सुनंदाबाईंचा रोज फोन येई. तक्रार करत नसत. फक्त आकडा सांगत. "आज सदतीस, ताई." सदतीस पुऱ्या होत आणि अडतिसावीत पान जाई. "आज बी सदतीस."

शेवटी मी ठरवलं की बाईंना बैठकीत न्यायचं. 'सूचनांमध्ये कपात' असा विषय ठेवला असता तर गणपूर्ती झाली नसती. मी विषय ठेवला, 'सूचनांचे वाचन'. सातही जण आले. दोघे नव्या जाकिटात.

सुनंदाबाई सकाळच्या एसटीने आल्या. बूथ बंद करून आल्या होत्या, आणि तिथे चौकशी करणाऱ्यांची गैरसोय होईल याची त्यांना काळजी होती. मी त्यांची सगळ्यांशी ओळख करून दिली. त्या प्रत्येकाला "बोला की थोडं" म्हणत होत्या. बूथवरची सवय, आवाज ऐकला की माणूस ओळखीचा होतो. बागूल यांनी लॅपटॉप लावला, स्पीकर जोडला, पान उघडलं. आवाज सुरू झाला. बाई खुणा करत गेल्या.

पहिली पाच मिनिटं वातावरण चांगलं होतं. ज्याची सूचना येई तो मान डोलवी, शेजारच्याकडे पाही. निळी शाई आली.

"सर, शाई मी घेऊन आलेय," सुनंदाबाई भामरे सरांच्या दिशेने म्हणाल्या. "कुठं लावू ते सांगा."

"ती सर्वसाधारण सूचना आहे, बाई," सर म्हणाले.

"मग बरं. मला वाटलं, माझ्यासाठी हाय."

आठव्या मिनिटाला चहा आला. दहाव्या मिनिटाला, वकीलसाहेबांच्या सातव्या सूचनेत, खजिनदार झोपले. खुद्द वकीलसाहेब आपल्या नवव्या सूचनेला खिडकीबाहेर बघत होते. अण्णा मात्र ताठ बसून होते. त्यांची पाळी यायची होती. 'हिरवे बटण' आलं तेव्हा खजिनदारांना उठवलं, पण ते जागे होईपर्यंत ते होऊन गेलं. छत्तीस. सदतीस. अडतीस सुरू झाली, आणि आवाज मधेच थांबून त्याच सुरात म्हणाला की वेळ संपली आहे, कृपया पुन्हा सुरुवात करावी.

"म्हणजे?" अण्णांनी विचारलं.

"पान मिटलं, अण्णा."

"माझी राहिली."

"तुमची कुणीच ऐकलेली नाय अजून," सुनंदाबाई म्हणाल्या. "मी आजची धरून नऊ वेळा बसले. तुमच्यापातुर पोचलेच नाय. काय लिहिलंय हो त्यात?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "डोळस माणसं तर वाचत असतील?"

मी म्हटलं, "मी सगळ्या खुणा अर्ध्या मिनिटात केल्या, अण्णा."

अण्णांनी डायरी उघडली, मिटली. मग अण्णा म्हणाले, "माझी सूचना पहिली घ्या."

भामरे सर दचकले. "अध्यक्षीय मनोगत आधी? प्रथेला धरून होणार नाही ते, अण्णा."

"आणि मग शेवटची कोण?" उपाध्यक्षांनी विचारलं.

आता प्रत्येकाच्या लक्षात आलं की पंधरा मिनिटांच्या आत काही सूचना बसतात आणि काही बाहेर राहतात. लाल रकाने बाहेर ठेवायला उपाध्यक्ष तयार नव्हते. खजिनदार म्हणाले, माझी आधीच झोपेत गेली. वकीलसाहेबांना विचारलं, तुमच्या अकरांतल्या चार कमी करता का? ते म्हणाले, त्या एकमेकींवर अवलंबून आहेत. पाऊण तास ही चर्चा चालली. सुनंदाबाईंनी मला हळूच विचारलं, "हे मिटत नाय का पंधरा मिनिटांनी?"

शेवटी अण्णा उठले. "माझी ऐकली जाणार नसेल, तर कुणाचीच नको."

हे सगळ्यांना पटलं. आपली जावी याचं दुःख होतं, पण शेजारच्याची राहत नाही यात समाधान होतं. ठराव झाला: पानावरील सर्व सूचना तत्काळ रद्द. सूचक अण्णा, अनुमोदक सर्व. एकमताने झालेला तो त्या वर्षातला पहिला ठराव, असं भामरे सरांनीच मला सांगितलं.

बागूल यांनी तिथेच बसून ठरावाची अंमलबजावणी केली. ते अक्षरशः अंमल करणारे गृहस्थ. त्यांनी पानावरचा सगळा मजकूर काढला. सुनंदाबाईंनी पान उघडलं आणि कान दिला.

"ताई," त्या म्हणाल्या, "परत सोळा खोल्या."

मी उभी राहिले आणि म्हटलं, रकान्यांची नावं परत घाला, त्या सूचना नाहीत. वकीलसाहेबांनी हात वर केला. 'नाव' ही ओळख आहे की निर्देश आहे, असा त्यांचा मुद्दा होता. 'जन्मतारीख' असं लिहिणं म्हणजे जन्मतारीख लिहा असं सुचवणंच होय. निर्देश असेल तर तो रद्द झालेला आहे, आणि पुन्हा आणायचा तर सात दिवसांची नोटीस लागेल. अर्जाला पाच दिवस होते. हा मुद्दा मांडताना वकीलसाहेब सकाळपासून पहिल्यांदा खुश दिसत होते.

"वकीलसाहेब," सुनंदाबाई म्हणाल्या, "तुमच्या हापिसावर पाटी हाय का?"

"आहे. पितळी आहे."

"ती सूचना हाय का?"

"छे. ते नाव आहे."

"मग ती काढली तर चालंल?"

"का काढायची?"

"पाटी नसली तर अशील शेजारच्या वकिलाकडं जाईल. माझं तेच होतंय. गावाचं नाव कुठल्या खोलीत टाकावं कळत नाय."

वकीलसाहेबांनी वर केलेला हात खाली घेतला. त्यांच्या ऑफिसशेजारी खरंच एक वकील होता, तरुण, आणि त्याची पाटी मोठी होती, हे मला नंतर कळलं. ते म्हणाले, "नाव ही ओळख आहे. राहू द्या."

त्या गडबडीत मी नावांना दोन शेपट्या जोडून घेतल्या. 'जन्मतारीख: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष' आणि 'अपंगत्वाच्या दाखल्याचा क्रमांक: दाखल्याच्या वरच्या कोपऱ्यात असतो'. मूळच्या चाळिसांत कामाच्या एवढ्या दोनच होत्या. पहिली माझी होती आणि दुसरी, न्यायाने सांगायला हवं, भामरे सरांची. पाटी म्हणून दोन्ही खपून गेल्या.

बाईंनी तिथेच अर्ज भरायला घेतला. सगळे त्यांच्या खुर्चीमागे उभे. मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती या वेळी, कारण आता काही चुकलं असतं तर कुणीतरी नक्की एक सूचना मांडली असती. नाव. गाव. जन्मतारीख. शिक्षण. दाखल्याच्या क्रमांकाला त्यांनी पर्समधून ब्रेलमध्ये टोचलेला कागद काढला आणि एका हाताने वाचत दुसऱ्या हाताने टाइप केलं. भामरे सर पुढे वाकून म्हणाले, "हस्ताक्षर छान आहे हो." सहाव्या मिनिटाला आवाज म्हणाला, अर्ज मिळाला. सुनंदाबाईंनी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले आणि विचारलं, "आता कुणी पान मिटवलं तर चालतंय ना?"

परतीच्या एसटीला मी त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत गेले. वाटेत मी माफी मागितली. पहिल्या नऊ सूचना माझ्या होत्या हे त्यांना तोवर माहीत नव्हतं.

"कोणत्या तुमच्या?" त्यांनी विचारलं.

मी आवडत्या दोनांपैकी एक म्हणून दाखवली. त्यांनी ती माझ्याबरोबर शेवटपर्यंत म्हटली, हिंदी सुरात.

"चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पण ताई, मला एवढं सांगताना तुम्हाला कधी वाटलं नाय का, हिलाच इचारावं हिला काय कळत नाय ते?"

वाटलं नव्हतं. पुढची आठ वर्षं मी कुठलंही पान तयार झालं की सिन्नरला फोन लावून त्यांना वाचून दाखवत असे. त्या जिथे "पुढं" म्हणत, ते वाक्य मी काढत असे. माझं या धंद्यातलं जे काही नाव झालं, ते या न लिहिलेल्या वाक्यांवर झालं.

त्या राखीव जागेसाठी मुदतीत एकूण एकच अर्ज आला. तरीही निवड समिती सात जणांची बसली आणि तिने गुणानुक्रमे सुनंदा गायकवाड यांची पहिली निवड केली. प्रतीक्षायादी कोरी होती. तीही सह्या करून फाइलला लावली.

मी निवृत्त झाले त्या वर्षी संस्थेच्या पानावर अर्जाच्या वर एकच ओळ होती: 'अडचण आल्यास कार्यालयात फोन करावा.' फोन सुनंदाबाई घेत. करणारे बहुतेक डोळस असत आणि समोर दिसणाऱ्या रकान्यात काय भरायचं ते विचारत. एक ते दोन जेवणाची सुट्टी असते.